कडूकांद्याचा पहिला घास

सासूचं गाऱ्हाणं नाही अशी सून आमच्या झाडीपट्टीत शोधायला निघालात तर चपला झिजतील. कुणाची सासू कोठीला हात लावू देत नाही, कुणाची लेकाला मुठीत ठेवते. ऐकायचं, हो हो म्हणायचं आणि आपलं सांगायचं, असा आम्हा बायकांचा धंदा. पण सोमारीचं गाऱ्हाणं या सगळ्यांहून वेगळं होतं. तिची सासू आधी जेवायची. घरात सगळी उपाशी, लेकरू रडतंय, आणि म्हातारी पानांचा द्रोण पुढ्यात घेऊन सगळ्यांदेखत एकटी खायची. खाऊन झालं की मोहाच्या झाडाला टेकून बसायची आणि बाकीच्यांना सांगायची, थांबा.

"कुठी पाह्यलं का असं?" सोमारी म्हणाली होती. "आपल्या इथी बाई मागून जेवते. कुत्र्याले टाकते अन् मंग सोताले घेते. हे बुडी नातीच्या आधी खाते, अन् वरतून आमाले दिवसभर बसवून ठेवते."

सोमारी माझ्याच गावची, चामोर्शीजवळची. घर गोंडाचं, पण तलावाखालची धानाची शेती असलेलं. तिला दिलं ते पार सूरजागडच्या डोंगराखाली, माडियांच्या गावात. दिलं म्हणजे तिनंच ठरवलं. लालसू लाकूडतोडीच्या कामाला आमच्या भागात आला होता, तो परत निघाला तेव्हा ही त्याच्यामागे निघाली. तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. लालसूच्या गावात कुणाला राज्य विचारलं असतं तर त्यानं डोंगराकडे बोट दाखवलं असतं. त्यांची बोली माडिया. सोमारीनं मला सगळं आमच्या बोलीत सांगितलं, म्हणून मीही ते तसंच लिहिते.

लालसूची माय मंगली. वाळक्या अंगाची, कपाळावर गोंदलेली, आणि बोलायला अशी कंजूस की 'पाणी' म्हटलं की 'आण' तुम्ही समजून घ्यायचं. घरात ही तिघं आणि सोमारीची पोर रैनी. रैनी नुकती दुडुदुडु पळायला लागली होती, पण अजून आईच्या अंगावर प्यायची.

आता ते खाणं कोणतं, तेही सांगते. कडूकांदा म्हणजे तुम्ही भाकरीबरोबर फोडता तो कांदा नव्हे. रानात वेलीखाली जमिनीत वाढणारा तो कंद. घरातलं धान्य संपलं की डोंगरातली माणसं तो खणून आणतात. सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, राख टाकून उकळायच्या, आणि मग टोपलीत भरून टोपली दोन रात्री नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची. नाल्यानं त्याचा कडूपणा खाल्ला की उरलेलं माणसाचं. पुन्हा उकळून मिठासोबत खातात. चव म्हणाल तर काही नाही, पण पोट भरतं.

हे सगळं सोमारी शिकली होती. तिला कळत नव्हता तो एवढाच रिवाज, की कडूकांदा शिजला की पहिला द्रोण मंगलीचा. तिनं सकाळी खायचं आणि घरानं दिवस मावळेपर्यंत वाट पाहायची. एकदा तिनं लालसूला विचारलंही, "आत्या आधी काऊन खाते?" तिकडे सुना सासूला आत्याच म्हणतात.

"रिवाज आहे," लालसू म्हणाला.

"पण काऊन?"

"तिच्या सासूनंबी आधीच खाल्लं." एवढं बोलून तो उठून गेला. तो जाणारच. पुरुषाला घरातलं 'काऊन' विचारलं की त्याला बाहेरचं काम आठवतं.

कोसरीची, म्हणजे बारीक भरडधान्याची, पेज असली, भात असला, मोहाची फुलं भाजली असली, की मंगली सगळ्यांच्या मागून जेवायची. मडकं खरवडून निघेल त्यावर तिचं भागायचं. हे सोमारीच्या डोळ्यांसमोरच व्हायचं, पण तिच्या मनात कधी उतरलं नाही. उपाशी माणसाला दुसऱ्याच्या हातातला घास तेवढा दिसतो, रिकामा हात दिसत नाही. मी तिला दोष देत नाही. मलाही दिसला नसता.

मग ते वाईट वर्ष आलं. पाऊस मधेच निघून गेला, धान पोटरीतच वाळलं, कोसरी मूठभर आली. पुढे मोहही धड गळला नाही. वैशाखात धान्याची ढोली हातानं झाडून काढली, आणि मग सगळं गाव कडूकांद्यावर आलं. लालसू दिवस दिवस सबल घेऊन रानात खणत राहायचा. सोमारीचं दूध आटत चाललं होतं. रैनी आधी रडायची, मग कण्हायची, आणि एके दिवशी ती कण्हायचीही थांबली. सोमारीला त्या शांततेचीच जास्त धास्ती वाटली.

नालाही आटत होता. मंगलीची एक सवय होती. टोपली ठेवण्याआधी ती एक पान तोडून पाण्यावर सोडायची. पान चालू लागलं की टोपली ठेवायची. त्या खेपेला मात्र मंगलीचा गुडघा सुजला होता, म्हणून टोपली लालसूनं ठेवली. तेव्हा पाण्याला धार होती. दोन रात्रींनी मंगली आणि सोमारी टोपली आणायला गेल्या. मंगलीनं पान सोडलं. पान जिथं पडलं तिथंच राहिलं.

म्हणजे धार मधेच कधीतरी थांबली होती. मंगली डबक्यात उतरली आणि तुंब्यानं पाणी घेऊन चकत्यांवर ओतू लागली, पुन्हा पुन्हा, हात भरून येईपर्यंत. सोमारी काठावर रैनीला काखेत घेऊन उभी. ऊन चढत होतं. तिच्या मनात एकच, की ही म्हातारी किती वेळ लावते आहे.

"आत्या, धुतलं नं आता?"

मंगलीनं पानाकडे पाहिलं, मग रैनीकडे पाहिलं. "चाल," ती म्हणाली.

घरी चकत्या उकळल्या. मंगलीनं द्रोण भरून घेतला, खाल्ला, आणि आणखी एक भरून घेतला. एरवी ती एकच घ्यायची. सोमारी चुलीपाशी बसून बघत होती. दोन द्रोण! घरात पोरीचे डोळे खोल गेलेत आणि म्हातारीला दुसरा द्रोण लागतो! मंगली दुसरा द्रोण सावकाश, चावून चावून संपवत होती. मग बोट वर करून म्हणाली, "थांबा," आणि बाहेर मोहाखाली जाऊन बसली. लालसू अंगणाच्या कडेला दोर वळत होता.

सोमारी थांबली नाही. तिनं मडक्यात हात घातला, चकती बोटांनी कुस्करली आणि रैनीच्या तोंडात घातली. पोरीनं गिळली. मग दुसरी. मग आणखी एक. पोरीनं आईचं बोट चोखलं तेव्हा सोमारीला रडू आलं. तिनं स्वतः एकही चकती खाल्ली नाही. चोरी करायची ती लेकरासाठी, आपल्यासाठी केली तर ती खरी चोरी, असं तिला वाटलं. आईचं मन असंच हिशेब करतं.

सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा बाहेरून मंगलीची हाक आली. हाक जड होती, जीभ अडखळत होती.

"लालसू. टाका सगळं. खड्डा करून पुरून टाका. कोंबडीलेबी नोको देऊ."

लालसू धावला. मंगली झाडाला टेकलेली होती, पण मान एका बाजूला गेली होती. ओठ बधिर झाल्यासारखे, घसा जळतोय अशी ती खूण करत होती. तिनं ओकारी काढली, आणि पुन्हा म्हणाली, "मडकं रिकामं कर. कोणी खाल्लं त नाई नं?"

सोमारी दारात उभी होती. काखेतली रैनी पेंगत होती, मान खाली पडत होती. सोमारीला एका क्षणात सगळं समजलं. बोलली तर नवरा जीव घेईल, गाव तोंडावर थुंकेल. न बोलली तर पोर जाईल. असल्या वेळी माणूस किती काळ गप्प राहतो हे मी तिला नंतर विचारलं होतं. ती म्हणाली, विचार करायला वेळच कुठे होता, तोंडातून आपोआप निघालं.

"रैनीनं खाल्लं, आत्या. मी चारलं."

लालसूचा हात उठला.

"मारत बसू नोको!" मंगली ओरडली. एवढ्या मोठ्यानं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. "मारून पोरीच्या पोटातलं निंगते का? चिंच कोळ. कोमट पाणी आण. सोमारी, पोरीले पालथी धर. बोट घाल तिच्या घशात. आणखी घाल. भिऊ नोको."

मग मंगली मोहाखाली आडवी पडून सांगत गेली आणि ती दोघं करत गेली. सोमारीनं पोरीच्या घशात बोट घातलं, पोर ओकली, चिंचेचं पाणी पाजलं, पुन्हा ओकली. मधेच मंगली स्वतः ओकायची आणि तोंड पुसून पुन्हा विचारायची, "पांढरं पडलं का बाहेर? चकतीचं?" बाहेर पडलं होतं. "आता झोपू नोको देऊ तिले. फिरव. गाल थापट. गाणं म्हण." सोमारी अंगणात पोरीला घेऊन येरझाऱ्या घालत राहिली. गाणं म्हणायला तोंड उघडलं तर तिला एकही गाणं आठवेना, म्हणून ती नुसती पोरीचं नाव घेत राहिली.

दिवस मावळता मावळता रैनीनं डोळे नीट उघडले आणि रडली. चांगली खणखणीत, कितीतरी दिवसांत रडली नव्हती तशी. सोमारी मातीत बसली. मंगलीनं ते रडणं ऐकलं आणि मगच ती डोळे मिटून पडली.

रैनीनं थोडंच खाल्लं होतं, तेही लवकर बाहेर पडलं, म्हणून ती वाचली. मंगलीनं दोन द्रोण खाल्ले होते. शेजारच्या घरानं नाला वाहता असताना धुतलेल्या त्यांच्या टोपलीतलं थोडं थोडं खायला दिलं. मंगली जगली, पण दिवसचे दिवस उठली नाही. सोमारीच तिचं तोंड धुवायची, तिला टेकून बसवायची. लालसू बायकोशी बोलत नव्हता. एका सकाळी कोमट पाणी पाजता पाजता सोमारीनं विचारलं, "आत्या, थे दोन द्रोण काऊन खाल्ले?"

"पान नाई हललं." मंगली थांबून थांबून बोलत होती. "एका द्रोणानं उशिरा समजलं असतं. रैनी किती वेळ थांबणार होती?"

सोमारीला हुंदका आवरेना. "मले सांगतलं काऊन नाई? एकदा सांगतलं असतं, का यात जहर राह्यते..."

मंगलीनं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "अन्नापाशी थे नाव घेवाचं नाई. आमी कोणीच घेत नाई. म्हणून त तुले कोणी सांगतलं नाई."

"मंग समजाचं कसं?"

"पाहून. मी लहान होती तवा मोठा दुष्काळ पडला होता. माह्या आजीनं पहिला द्रोण खाल्ला. आमी सगळे पोरं तिच्यापुढं बसून तिचं तोंड पाहत होतो. भूक एवढी का मी मनात तिले शिव्या देत होती. दुपारी आजी जे कलंडली, थे उठलीच नाई." मंगलीनं श्वास घेतला. "तिनं खाल्लं म्हणून आमी नाई खाल्लं. म्हणून मी आहो, लालसू आहे, रैनी आहे. तूबी रोज पाहतच होती, पोरी. पण तू माहा घास पाहत होती. माहं तोंड नाई पाह्यलं."

सोमारीनं सासूच्या पायावर डोकं ठेवलं. मंगलीनं पाय ओढून घेतले, कारण पाया पडण्याची त्यांच्यात पद्धत नाही आणि तिचा गुडघाही दुखत होता.

पुढच्या खेपेला लालसूनं टोपली डोंगरापलीकडच्या मोठ्या नदीवर नेली. दोन रात्री तिथंच झोपला आणि पाण्यावर पानं सोडत राहिला. चकत्या घरी आल्या, उकळल्या. मंगली अजून भिंतीला धरून चालत होती. लालसू म्हणाला, "माय, आज मी खातो."

"तू पडला त खणंन कोण?"

सोमारीनं द्रोण उचलला. "मी खातो, आत्या. चूक माही आहे."

"चुकीचा घास नोहे हा," मंगली म्हणाली. "तुह्या अंगावर पोरगी पिते. जो गेला त मागचे रडते, पण उपाशी मरत नाई, पहिला घास त्याचा. आण इकडं."

सोमारीचे हात द्रोण सोडेनात. मंगलीनं एकेक बोट सोडवून तो काढून घेतला. पोटातल्या आतड्यांना अजून पीळ पडत होता, पण तिनं खाल्लं, नेहमीसारखं सावकाश चावून. मग मोहाखाली जाऊन टेकली.

त्या दिवशी सोमारी तिच्यासमोर जाऊन बसली. मांडीवर रैनीला घेतलं आणि सासूच्या तोंडाकडे पाहत राहिली. ओठांचा रंग पाहिला, पापण्या पाहिल्या, मानेची शीर पाहिली. इतकी वर्षं एका चुलीवर जेवून तिनं ते तोंड असं कधी पाहिलं नव्हतं. म्हातारीची पापणी जरा मिटली की ही पुढे वाकून पाहायची. भूक कुठे गेली ते तिला कळलंही नाही. उपाशी राहण्यापेक्षा हे पाहणं अवघड, असं ती मला म्हणाली, आणि म्हणूनच बाकीची माणसं त्या वेळी दोर वळत बसतात.

सावल्या लांब झाल्या तेव्हा मंगलीनं विचारलं, "काय दिसून राह्यलं?"

"बऱ्या दिसता, आत्या."

"मंग वाढ."

त्या वर्षी पाऊस मात्र मनापासून पडला. भादव्यात कोसरी पिकली. नवं धान्य आधी देवाला, मग गावात सगळ्यांनी मिळून पूजा, आणि मगच घराघरात ते शिजतं. सोमारीनं घट्ट पेज शिजवली. लालसू आता तिच्याशी बोलायला लागला होता, रैनी चुलीभोवती नाचत होती. मंगली नेहमीसारखी मागे, दाराजवळ बसली होती, सगळ्यांचं होण्याची वाट पाहत.

सोमारीनं पहिला द्रोण भरला. तिनं मनाशी केव्हाचं ठरवलं होतं. ती उठली आणि तो वाफाळणारा द्रोण तिनं मंगलीच्या पुढ्यात ठेवला.

मंगलीनं द्रोणाकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. तिचा चेहरा बदलला नाही. तिनं रैनीला हातानं मागे सारलं, लालसूला बोट दाखवून थांब म्हटलं, आणि खालच्या आवाजात सोमारीला विचारलं, "काय पडलं यात?"

 आणि उत्तराची वाट न पाहता मंगलीनं पहिला घास उचलून तोंडाजवळ नेलाही.

सोमारीनं तिचं मनगट धरलं. "काहीच नाई पडलं, आत्या," ती रडत म्हणाली. "नवी कोसरी आहे. तुमी नुसतं जेवा."